खवय्याचा तोतया

१

बुधवारी संध्याकाळी आमच्या समोरच्या सांजदैनिकाने पहिल्या पानावर चौकट छापली. मथळा होता: ‘खवय्या’ फुकट जेवतो! खाली मजकूर असा की, ‘सांज गोदा’मध्ये दर शनिवारी नाशिककरांना कुठे काय खावं ते सांगणारे हे गृहस्थ आधी हॉटेलची स्तुती करतात आणि मग वसुलीला जाऊन बसतात. तीन हॉटेलांत ते पोटभर खाऊन एक पैसा न देता उठले. हॉटेलांची नावंही बिनदिक्कत दिली होती.

‘सांज गोदा’ हा आमचा पेपर, आणि मी, आल्हाद, त्यातला उपसंपादक. खवय्याचा मजकूर माझ्याच हातून जायचा. चौकट वाचून माझं डोकं असं तापलं की समोरचा चहा गार झाला तरी माझ्या लक्षात आलं नाही.

ही गोष्ट २००४ सालच्या डिसेंबरातली. कुंभमेळा आटोपून वर्ष उलटलं होतं. गंगापूर रोडला, कॉलेज रोडला रोज नवं हॉटेल उघडत होतं. आपल्याच तालुक्यातल्या द्राक्षांची वाईन मिळायला लागली होती, पण ती कशाबरोबर प्यायची आणि पेला कुठे धरायचा हे कोणाला ठाऊक नव्हतं. लोक तिच्यात बर्फ घालत, सोडा घालत, एकाने तर थम्सअप घातलेलं मी डोळ्यांनी पाहिलं. अशा गावाला खवय्याने हळूहळू वळण लावलं. ओळख न सांगता जायचं, बिल भरून यायचं आणि मग खरं ते लिहायचं, हा त्याचा नियम होता. सीबीएस बसस्थानकाजवळच्या मिसळीपासून गंगापूर रोडच्या वाईनबारपर्यंत लोक त्याच्या शब्दावर खिशात हात घालायचे.

संपादकांनी मला आणि इराला केबिनमध्ये बोलावलं. दार लावून घेतलं, कारण खवय्या म्हणजे इरा, हे सगळ्या शहरात आम्हा तिघांनाच माहीत होतं.

इरा कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायची. तिचे वडील पंचवटीतले तीर्थपुरोहित. रामकुंडावर येणाऱ्या यजमानांचे विधी त्यांच्या घराण्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेले. चातुर्मासात ज्या घरात कांदा-लसणाला कोणी शिवत नाही, त्या घरातली मुलगी परमिट रूममध्ये बसून वाईनचा वास घेते, हे वडिलांना कळलं तर काय होईल, याचा विचार करायलाही ती घाबरायची. म्हणून हे पुरुषी टोपणनाव. अख्खं नाशिक खवय्याला मिशा आहेत असं धरून चाललं होतं.

“सर, मी तिन्ही ठिकाणी एकेकदाच गेलेय. तिन्ही बिलं मी भरलीत,” इरा म्हणाली.

“माझा विश्वास आहे गं. लोकांचा कसा बसवू?” संपादक म्हणाले. “खवय्या बाई आहे एवढं छापलं की प्रश्न मिटतो. छापू?”

इराने नकारार्थी मान हलवली.

“मग शनिवारच्या अंकापर्यंत हा जेवणारा कोण ते मला सांगा. नाहीतर त्या जागी पेपरची माफी जाईल आणि सदर बंद. माफी मागितली म्हणजे खवय्या चोर होता, हे आपणच कबूल केल्यासारखं होईल, तेही कळतंय मला.”

केबिनबाहेर आल्यावर मी तिन्ही हॉटेलांना फोन लावले. वाटलं होतं, कोणीतरी बातमी रचली असेल. पण तिन्ही मालकांनी, न विचारता, एकाच माणसाचं वर्णन केलं: पंचेचाळिशीचा, उन्हाने रापलेला, पांढरा पायजमा, डोक्यावर टोपी, आणि खिशात खवय्याच्या लेखाचं कात्रण.

तोतया खरोखरच होता.

२

माझी कुसुममावशी विमा कंपनीत दाव्यांची चौकशी करायची. तिने निवृत्त होईपर्यंत किती जळलेली गोदामं प्रत्यक्षात जळलीच नव्हती हे शोधून काढलं, त्याची गणती नाही. गुरुवारी सकाळी मी तिला सगळं सांगितलं. ती मटार सोलत होती. ऐकताना तिने एकही दाणा खाली पाडला नाही आणि मला एकदाही मध्ये थांबवलं नाही.

“माणूस मोठं खोटं क्वचित बोलतो रे,” ती म्हणाली. “बारीकसारीक मात्र उठता-बसता बोलतो. आपण ती बारीक खोटी गोळा करू. चल, गाडी काढ.”

पहिल्यांदा गंगापूर रोडला ललितकडे गेलो. त्याचा ‘द्राक्षमंडप’ हा गावातला पहिला वाईनबार. खवय्याने त्याच्या मटार करंजीवर आणि सोबतच्या गार पांढऱ्या वाईनवर लिहिलं, आणि दुसऱ्या दिवसापासून त्याच्याकडे रांग लागली. ललित आम्हाला पाहून ओशाळला.

“मी पेपरला काही सांगितलं नाही हो. असोसिएशनच्या चहाला आम्ही आपसात बोललो, ते फुटलं.”

“तो म्हणाला का, मी खवय्या म्हणून?” मावशीने विचारलं.

“तसं तोंडाने नाही म्हणाला. पण आम्हाला कळतं ना! कात्रण काढून टेबलावर ठेवलं. करंजी मागवली, वाईन मागवली. शिफारशीला आम्ही अजून लायक आहोत का, ते तपासायला आला असणार. मी म्हटलं, साहेब, आपणच ना? तर नुसता हसला.”

“वाईन कशी प्यायला?”

“प्यायला नाही. शिवलासुद्धा नाही.” ललितचा आवाज आदराने खाली आला. “लिहिलंय ना त्यांनीच, वाईन ढोसायची नसते म्हणून. खरा जाणकार लांबूनच ओळखतो.”

मला हसू आवरेना. मावशीने माझ्या पायावर पाय दिला.

“आणि करंज्या? पोटभर खाल्ल्या?”

“छे! एकच खाल्ली, तीही डोळे मिटून. बाकीच्या नुसत्या उलटसुलट करून कडेने बघितल्या. मग म्हणाला, ह्या करतं कोण? मी आत नेऊन आमचा आचारी दाखवला. त्याचे हात बघत राहिला बराच वेळ. स्वच्छता तपासत असेल. पैसे काढले होते त्याने, मीच घेतले नाहीत. खवय्याकडून पैसे घ्यायचे म्हणजे काय!”

“कधी आला होता?”

“तीन आठवडे झाले. शुक्रवारी, दुपारी.”

मावशीने एक मटार करंजी बांधून मागितली. बाहेर आल्यावर म्हणाली, “करंजी तुमचीच का, असं मी विचारायच्या आतच ललितने आचाऱ्याचं नाव, गाव, अनुभव, सगळं सांगून टाकलं. न मागता इतकं कोण देतं?”

३

कॉलेज रोडवरचं ‘शिदोरी’ छायाचं. नवऱ्याची नोकरी सुटल्यावर तिने घरगुती जेवणाचं हे हॉटेल काढलं होतं. खवय्याने तिच्या करंजीला ‘सोज्वळ, माजघरातली’ म्हटलं, ते वाक्य तिने रंगवून दारावर लावलं होतं. तीच करंजी चाखायला बाहेर पोरापोरींची गर्दी होती.

छायाची गोष्ट ललितसारखीच निघाली. शुक्रवार, दुपार, कात्रण, फक्त आठवडा नंतरचा. तिच्याकडे वाईन नव्हती, तो ताकही प्यायला नाही. एक करंजी डोळे मिटून खाल्ली, दुसरी रुमालात गुंडाळली आणि करणाऱ्याला बघू द्या म्हणाला.

“कोणाला दाखवलंत?” मावशीने विचारलं.

छाया काउंटरवरची बडीशेप सारखी करत राहिली. “आमच्या आचाऱ्याला.”

“तुम्ही स्वतः नाही करत? माजघरातली म्हणून लिहिलंय म्हणून विचारते.”

“मी… देखरेख करते.”

“मग त्याचं समाधान झालं का?”

छायाने बडीशेप सोडून वर बघितलं. “नाही झालं, ताई. जाताना त्याचे डोळे भरले होते. मला वाटलं, चव आवडली म्हणून. पण चव आवडली म्हणून कोणी असं रडत नाही. मला तो माणूस वाईट नाही वाटला. उगाच पेपरात आलं.”

तिसरा राज, नाशिकरोडला गच्चीवर हॉटेल चालवणारा तरुण पोरगा. त्याने तर आम्हाला पूर्ण स्वयंपाकघर फिरवून दाखवलं आणि ‘रांगडी, झणझणीत’ हे खवय्याचे शब्द तीनदा म्हणून दाखवले. त्याच्याकडेही शुक्रवारच, आणि आचाऱ्याचे हातही त्या माणसाने निरखले होते. मावशीने तिन्ही ठिकाणची करंजी बांधून घेतली होती. माझ्या पोटात कावळे ओरडत असताना मला एकही खाऊ दिली नाही.

“आता ज्याला यातून खरा फायदा आहे त्याच्याकडे चल,” ती म्हणाली. “बातमी पेपरला दिली कोणी?”

ते मला त्या पेपरातल्या एका ओळखीच्याकडून कळलं होतं. बातमी देणाऱ्याचं हॉटेल चौथंच होतं, आणि खवय्याने त्याबद्दल एक ओळही कधी लिहिलेली नव्हती.

४

गोटीरामशेठची परमिट रूम शालिमारजवळ, जुनी आणि अंधारी. मटण मात्र असं की गिऱ्हाईक बोटं चाटत पुलापर्यंत जावं. खवय्या आपल्याकडे फिरकत नाही, हा त्यांचा सल शहरभर माहीत होता. मी मनाशी पक्कं केलं होतं की, तोतया यांनीच पाठवला. भाड्याचा माणूस, टोपी, कात्रण, सगळं जुळत होतं. मी आत शिरताच आवाज चढवला.

“शेठ, तुम्हीच बातमी दिलीत ना?”

“दिली! लपवतो का काय?” शेठ तितक्याच जोरात म्हणाले. “तुमचा तो खवय्या इथं आला होता शुक्रवारी. मी उठून उभा राहिलो. खुर्ची पुसली. म्हटलं, आली आपली बारी. तर काय विचारतो, मटार करंजी आहे का? अरे, माझ्याकडे येऊन करंजी! मी म्हटलं, साहेब, मटण घ्या, फुकट घ्या. नको म्हणाला. करंजी नाही म्हटल्यावर पाणीसुद्धा न पिता उठला. तीस वर्षं चुलीपुढे घालवली मी. असा अपमान बापाने केला नाय कधी.”

शेठचा राग खरा होता. माझा मात्र जागच्या जागी विरला. इतका दुखावलेला माणूस कट करत नाही, तो आरडाओरडा करतो, आणि शेठनी तेवढंच केलं होतं.

मावशी मात्र भलतीच खूश झाली. “शेठ, तुम्ही एकटेच आज माझ्याशी खरं बोललात,” ती म्हणाली आणि त्यांचा मसाला सुटा मिळतो का, याची चौकशी करत बसली.

गाडीत बसल्यावर मी वैतागून म्हटलं, “झालं! शेठ सुटले. आता तोतया कुठे शोधायचा?”

“तोतया नाहीच आहे, आल्हाद,” मावशी म्हणाली. “इराला घेऊन घरी ये.”

५

मावशीने जेवणाच्या टेबलावर तिन्ही करंज्या वेगवेगळ्या बशांत मांडल्या. चौथ्या बशीत तिची स्वतःची, नुकतीच तळलेली. इरा आली तेव्हा चेहरा उतरलेला होता. दुपारी कॉलेजात दोघीजणी ‘तो लबाड खवय्या’ म्हणून तिच्यासमोरच बोलत होत्या, आणि तिला हो ला हो करावं लागलं होतं.

“बस,” मावशी म्हणाली. “तो माणूस काय करत नाही ते बघ. खवय्या नव्या जागी जातो. हा खवय्याने आधीच लिहिलेल्या जागी जातो, आणि शेठकडे गेला तोही करंजीच विचारायला. वाईन मागवतो, कारण लेखात वाईनचं लिहिलंय, पण पीत नाही. म्हणजे तो वाईनसाठी गेलेला नाही. मटण फुकट देतात ते नको. म्हणजे पोटासाठीही नाही. मी खवय्या, असं एकदाही म्हणालेला नाही. पैसे द्यायला तयार होता. तोतया असा असतो का?”

“मग लोकांनी त्याला—” इराने विचारलं.

“लोकांनीच त्याला खवय्या केला. त्याला हवी आहे फक्त करंजी. तीही खायला नाही, बघायला. आता तुम्ही बघा.”

आम्ही वाकून बघितलं. करंजीची कड चिमटीने दुमडत जातात, ती मुरड. मावशीच्या करंजीची मुरड डावीकडून उजवीकडे कलत गेलेली. ललितच्या करंजीची उलट दिशेने. छायाचीही उलट. राजचीही.

इराने करंज्या फिरवून पाहिल्या. “डावखुरा माणूस,” ती हळूच म्हणाली. “तिन्ही करंज्या एकाच डावखुऱ्या हाताच्या आहेत.”

“आणि म्हणून तो आचाऱ्यांचे हात बघत होता!” मी ओरडलो.

“हं. तिघेही मालक बाहेरून करंज्या आणतात. पण कात्रण घेऊन आलेल्या खवय्याला ते कसं सांगायचं? माजघरातली म्हणून दारावर पाटी लावली ना! म्हणून तिघांनी आपापला आचारी पुढे केला. तो माणूस खवय्या नसता वाटला, तर पहिल्याच दिवशी त्याला पत्ता मिळाला असता.” मावशी इराकडे वळली. “आणि तू गं! एकच करंजी. तिला एकदा सोज्वळ म्हणालीस आणि एकदा रांगडी.”

इरा कानापर्यंत लाल झाली. “गच्चीवर गार वारा होता, मावशी. भूकही खूप लागली होती.”

“असू दे. चव म्हणजे तेही असतंच. उद्या शुक्रवार आहे. चारही ठिकाणी तो शुक्रवारीच गेला, म्हणजे आठवड्याच्या ठरल्या दिवशी गावाहून येणारा आहे. चौघांनाही सांगून ठेव, आला की फोन करा आणि त्याला उठू देऊ नका.”

शुक्रवारी दुपारी फोन आला तो ललितचा. आवाज घाबराघुबरा होता. “लवकर या. तो आलाय. आणि आज तो आचाऱ्याशी भांडतोय.”

६

आम्ही तिघं पोचलो तेव्हा टोपीवाला माणूस स्वयंपाकघराच्या दारात उभा होता आणि आचारी सुरी हातात घेऊन भेदरून बघत होता.

“मागच्या बारीला बी तू कांदा उजव्या हातानं कापत होता, आज बी उजव्याच!” टोपीवाला म्हणत होता. “ही मुरड तुझी नाय. तीन हाटेलं, तीन आचारी, समदे मुरड घालत्यात डाव्या हाताची आन कांदा कापत्यात उजव्या हातानं. मला काय खुळा समजता का?”

मावशी पुढे झाली. “दादा, तुम्ही कोणाला शोधताय?”

त्या प्रश्नासरशी त्याचा सगळा जोर गेला. तो खुर्चीवर बसला.

त्याचं नाव सहादू. देवळ्याहून दर शुक्रवारी कांद्याचा टेम्पो घेऊन नाशिकला यायचा. मोठी बहीण नवसाबाई, डावखुरी. लहानपणी आई तिच्या डाव्या हातावर मारायची, पण सणाला करंज्या वळायला बसली की तिच्या उलट्या मुरडीच्या करंज्या हा हट्टाने वेगळ्या काढून खायचा. नवरा वारल्यावर नवसाबाई मुलीला घेऊन हायवेवरच्या एका परमिट रूममध्ये रांधायला लागली. सहादू तिथे गेला आणि गिऱ्हाइकांदेखत म्हणाला, दारूच्या घरात रांधणारी माझी बहीण नाही. दुसऱ्या दिवशी ती तिथून गेली, ती कुठे ते कोणाला कळलं नाही.

“आता मला पोरगी झाली, ताई. लगीन होऊन सोळा वर्सांनी,” सहादू म्हणाला. “पाच म्हैन्याची झाली, पन नाव नाय ठिवलेलं. कानात नाव कोन सांगंल? आत्या. आत्या असून तिच्याबिगर बारसं कसं करू? समदे म्हनत्यात, चुलत बहिनीला बोलाव. मी नाय म्हनलो. मंग न्हाव्याच्या दुकानात पेपर वाचला. करंजीत मटार, शेंगदान्याचा कूट आन लसनाची पात. असली करंजी आमच्या आक्काबिगर कोन बी करत नाय.”

इराने तोंडावर हात धरला. ते वाक्य तिचं होतं.

“लेखातली हाटेलं फिरलो, शालिमारची परमिट रूम बी बघितली. पन हितं येतो तर जो तो मला साहेब म्हनतो, आन दाखवतो काय, तर बाप्या मानूस!”

मी रागाने ललितकडे बघितलं. पण तो आधीच मान खाली घालून बसला होता. शेवटी छायाला फोन केला. तिने एका शब्दाचीही टाळाटाळ केली नाही. “मखमलाबादला बायकांचा बचत गट आहे. बाईंचं नाव कधी विचारलं नाही हो मी. आम्ही त्यांना करंजीवाल्या मावशीच म्हणतो.”

७

मखमलाबादला शेवंतीच्या वाफ्यांपलीकडे पत्र्याच्या शेडमध्ये पाच-सहा बायका गोलात बसल्या होत्या. मधोमध एक सावळी, किडकिडीत बाई डाव्या हाताने मुरड घालत होती. सहादू दारातच थांबला. टोपी काढून हातात घेतली. एवढ्या चार हॉटेलांत न घाबरलेला माणूस आता उंबऱ्यावर पाय ठेवायला धजत नव्हता.

“आक्का, मी उनू,” मी आलोय, एवढंच तो आपल्या गावच्या अहिराणी बोलीत म्हणाला.

नवसाबाईने वर बघितलं. हातातली करंजी पुरी केली, ताटात ठेवली, मगच बोलली. “पोरगी झाली म्हनं तुला.”

“नाव तू ठेव. त्याबिगर ठेवायचं नाय.”

“गावात ईचारतील, आत्या काय करते. काय सांगशील?”

“करंज्या करते म्हनून सांगीन.”

“आन त्या जात्यात कुठं?”

सहादूने आमच्याकडे बघितलं. कोणी मदतीला गेलं नाही.

“दारूच्या हाटेलात,” तो म्हणाला.

“ऐकू नाय आलं.”

“दारूच्या हाटेलात!” तो इतक्या मोठ्याने ओरडला की सगळ्या बायका हसायला लागल्या. नवसाबाई हसली नाही. तिने पदराने डोळे पुसले आणि बाजूच्या बाईला म्हणाली, “दिशा शाळेतून आली की सांग, मामा आलाय. परवा बारसं धर, सहादू. सांजच्याला मला परत आनून सोडायचं. सोमवारची आर्डर हाय.”



मग इरा पुढे झाली. “बाई, उद्या पेपरात मी खरं लिहिणार आहे. तिन्ही हॉटेलांची करंजी तुमच्या हातची, हे तुमच्या नावासकट. चालेल ना? हॉटेलवाले तयार आहेत.”

“छापा की. मला कुनाची भीती हाय? आता तर भावानंच बोंबलून सांगितलं.” नवसाबाईने तिला नीट न्याहाळलं. “पन तुमीच लिवता व्हय ते? खाली नाव काय घालता?”

“खवय्या.”

“ते काय नाव झालं? माझं नाव समद्या गावाला दाखवायचं, आन तुमी बुरख्यात बसायचं? मंग माझं बी नको.”

तिने पुढची पुरी उचलली आणि मुरड घालायला लागली. तिच्या दृष्टीने विषय संपला होता.

परतीच्या वाटेवर पंचवटी कारंजावर मी गाडी हळू केली, इराला घरी सोडायला. ती म्हणाली, “ऑफिसला घे. मला लिहायचंय.”

८

शनिवारच्या अंकात सदर गेलं. तोतया कोणी नव्हता, हे त्यात होतं. मालकांनी एका भल्या माणसाला खवय्या ठरवलं आणि म्हणूनच त्याला फसवलं, हेही होतं. लेखिकेने एकाच करंजीला तीन ठिकाणी निरनिराळी विशेषणं लावली, हे तिने स्वतःवर हसत लिहिलं होतं. नवसाबाईचं नाव आणि बचत गटाचा पत्ता दिला होता. शेवटी लिहिलं होतं की, या करंजीबरोबर गार पांढरी वाईन उत्तम लागते, ताकही उत्तम लागतं, आणि शालिमारच्या गोटीरामशेठचं मटण खायला आपण लवकरच जाणार आहोत, बिल भरून. खाली सही होती: इरा. पुढे आडनाव आणि कंसात खवय्या.

संपादकांनी एकच शब्द बदलला, तोही चुकीचा. मी तो परत होता तसा केला.

अंक बाजारात गेल्यावर इरा म्हणाली, “तू येतोस का घरी माझ्याबरोबर? मला एकटीला नाही जाववत.”

तिच्या घराच्या ओट्यावर वर्ध्याचं एक यजमान कुटुंब बसलं होतं. उद्याच्या विधीचं ठरवून झालेलं दिसत होतं. इराचे वडील मधे बसलेले, चष्मा कपाळावर, आणि पुढ्यात आमचा पेपर उघडा. मी पायरीशीच थांबलो. इरा मात्र सरळ त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली.

“बाबा, ते मीच लिहिते. दोन वर्षं झाली. वाईनचंसुद्धा मीच.”

वडिलांनी चष्मा डोळ्यांवर घेतला. तिच्याकडे बघितलं, मग पेपरकडे, मग परत तिच्याकडे. यजमानांची चुळबुळ सुरू झाली.

“यजमान म्हणजे सतरा गावचे लोक,” ते शेवटी म्हणाले. “विधी झाला की सगळे एकच विचारतात, गुरुजी, नाशिकला जेवायला चांगलं कुठे? मला काय कळतं त्यातलं! दोन वर्षं मी या खवय्याचं वाचून त्यांना पाठवतोय. एकाचीही तक्रार आली नाही. कोण हा एवढा सज्जन माणूस, एकदा घरी बोलावून जेवू घालावा, असं मनात होतं माझ्या.” त्यांनी पेपरवर बोट ठेवलं. “वाईनचं तेवढं मी वगळून सांगत होतो.”

“नाही हो गुरुजी,” वर्ध्याचे यजमान म्हणाले, “गंगापूर रोडचा तो द्राक्षमंडप आम्हाला मागच्या खेपेस तुम्हीच सांगितलात की! पांढरी घ्या, गार घ्या, बर्फ घालू नका, असं बजावूनसुद्धा दिलंत.”

त्यांची बायको पदराआड हसायला लागली. इराच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती हसतही होती. वडिलांनी उपरणं खांद्यावर नीट केलं, पेपरची घडी घातली आणि जागा करत थोडे सरकले.

“बस इथे,” ते इराला म्हणाले. “ही माणसं उद्या मोकळी होतील. कुठे पाठवायचं, ते तूच सांग.”